वाघ दिसला नाही तरी: ‘न्यू पोकेमॉन स्नॅप’ पहिल्यांदा खेळताना

नागपुरात सफारीहून परतलेल्या माणसाला सगळे एकच प्रश्न विचारतात, “दिसला का?” कोण, ते सांगावं लागत नाही. नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा रस संपला. रानकुत्र्यांनी चितळाला कसं पळवलं, पाणवठ्यावर मोर किती वेळ घुटमळला, हे ऐकायला कोणी थांबत नाही. ‘न्यू पोकेमॉन स्नॅप’ हा फोटो काढण्याचा व्हिडिओ गेम घेऊन आठवड्याभरात कपाटात टाकणारी मंडळी याच जातीची. एक फेरी मारली, प्राणी दिसले, फोटो निघाले, आता पुढं काय?

पुढं तोच रस्ता, पुन्हा. या गेमची बहुतेक गंमत दुसऱ्या फेरीनंतर सुरू होते आणि गेम ते तुम्हाला स्पष्ट सांगत नाही. पहिल्या दोन-चार बैठका कशा काढायच्या, गुण कशाचे मिळतात, कुठे वेळ घालवायचा आणि कुठे नाही, ते इथे सांगतो. पोकेमॉनची, म्हणजे या गेममधल्या काल्पनिक प्राण्यांची, नावं पाठ असायची गरज नाही. मारामारी, पोकेबॉल, जिम वगैरे काही या गेममध्ये नाही.

आधी गेम काय आहे ते

तुम्ही नीओ-वन नावाच्या एका छोट्या गाडीत बसलेले असता. गाडी आपोआप, ठरलेल्या वाटेनं, ठरलेल्या वेगानं जाते. उतरता येत नाही, मागे फिरता येत नाही. हातात कॅमेरा, चारही बाजूंना मान वळवायची मुभा, आणि आजूबाजूला पोकेमॉन आपापल्या उद्योगात. वाट संपली की काढलेल्या फोटोंतून निवड करायची आणि प्रोफेसर मिरर यांना दाखवायची. ते गुण देतात. लेंटल नावाच्या बेटांच्या प्रदेशात हे सगळं घडतं. ताडोब्याच्या जिप्सीत बसलेल्या माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही: रस्ता वनखात्यानं ठरवलेला, वेळ ठरलेली, उतरायची बंदी. तुमच्या हातात फक्त कुठे बघायचं एवढंच.

मूळ गेम १९९९ चा, निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या निन्टेन्डो ६४ या यंत्रावरचा, हॅल लॅबोरेटरीनं केलेला. त्याची एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. सुरुवातीला हा पोकेमॉनचा गेम नव्हताच. ‘जॅक अँड द बीनस्टॉक’ या नावानं फोटो काढण्याचा एक साधा गेम तयार होत होता, पण खेळणाऱ्यानं फोटो काढावेत तरी कशासाठी, हे काही केल्या जमेना. पोकेमॉन आत आणल्यावर ते जमलं. पुढं निन्टेन्डोचे अध्यक्ष झालेले सातोरू इवाता यांनीच ही हकीकत सांगितली होती. म्हणजे नुसतं “फोटो काढा” याला कोणी भुलत नाही. समोरच्या जिवाबद्दल कुतूहल आधी लागतं, कॅमेरा मागून.

त्या जुन्या गेममध्ये ६३ पोकेमॉन होते. नवा गेम एप्रिल २०२१ मध्ये आला, बान्दाई नाम्को स्टुडिओजनं केलेला, निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रासाठी. ऑगस्ट २०२१ मध्ये फुकट अपडेट आलं, तेव्हा तीन नव्या जागा आणि २० नवे पोकेमॉन वाढले. आता एकूण २३४ आहेत. गेमचं कार्ड यंत्रात टाकल्यावर सगळ्यात आधी ते अपडेट उतरवून घ्या.

यंत्र, कार्ड आणि नागपूरचा मे महिना

स्विच आपल्याकडे आयात मालाच्या दुकानांतूनच बहुतेक मिळतो, त्यामुळे वॉरंटी कोण देणार हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. सीताबर्डीत घ्या की ऑनलाइन मागवा, हा प्रश्न दोन्हीकडे विचारायचाच. स्विचला देशांचं कुलूप नाही, म्हणजे जपानचं किंवा युरोपचं कार्ड तुमच्या यंत्रात चालतं. साधा, ओलेड, लाइट, यांतला स्विचचा कुठलाही प्रकार चालेल. लाइट टीव्हीला जोडता येत नाही, एवढंच लक्षात ठेवा.

कार्ड जुनं घ्यायला हरकत नाही. खेळलेलं सगळं यंत्रात साठतं, कार्डात नाही, त्यामुळे आधीच्या मालकानं काय केलं याचा मागमूस तुमच्याकडे येत नाही. घरात दोन पोट्टे असतील तर खेळ सुरू करण्याआधीच दोघांची वेगवेगळी प्रोफाइल करा. एकाच प्रोफाइलवर दोघं खेळले की “माझा फोटो याने बदलला” यावरून जी महाभारतं होतात, त्याला तोड नाही.

आता उन्हाळा. निन्टेन्डो हे यंत्र ५ ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरा म्हणतं. आपल्याकडे मे महिन्यात ३५ अंशाला लोक “आज जरा बरं आहे” म्हणतात. नवतपात दुपारी खेळायचंच असेल तर ज्या खोलीत कूलर किंवा एसी नीट चालतो तिथेच खेळा, पण यंत्र कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, ती हवा ओलसर असते. टीव्हीला जोडून खेळताना डॉक, म्हणजे यंत्र ठेवायची बैठक, कपाटाच्या कोपऱ्यात कोंबू नका, वरची जाळी मोकळी राहू द्या. यंत्र जास्त तापलं तर ते स्वतःच सूचना देऊन झोपी जातं. तसं झालं की थंड होऊ द्यायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. (हसू नका, असा सल्ला देणारे भेटतात.)

भाषेचं म्हणाल तर गेम मराठीत नाही, हिंदीतही नाही. इंग्रजी वाचता येत नसलेल्या लहान मुलाला फोटो काढायला काहीच अडचण येत नाही, पण सूचना आणि इशारे वाचून सांगायला शेजारी कोणी मोठं बसलं तर खेळ दुप्पट रंगतो.

सेटिंगमध्ये दोनच गोष्टी

मेनूत कॅमेरा फिरण्याचा वेग वाढवता येतो. सुरुवातीचा वेग संथ आहे, थोडा वाढवा. दुसरं, मोशन कंट्रोल चालू करून बघा. यंत्र हातात धरून अंग वळवलं की कॅमेराही वळतो. बसल्या जागी गोल फिरावं लागतं, घरचे विचारतात “काय करून राहिला बे?”, पण अचानक उडालेल्या पक्ष्यामागे कॅमेरा नेणं याने फार सोपं होतं. नाही जमलं तर बंद करा, बिघडत काही नाही.

आणि आवाज चालू ठेवा. हेडफोन असतील तर उत्तम. जंगलात मुरलेला गाईड वाघ शोधत नाही, तो कॉल ऐकतो. सांबर ओरडलं, वानर खोकलं, की जिप्सी तिकडे. या गेममध्येही पानांआडून, पाठीमागून, डोक्यावरून आवाज येतात आणि ते बहुतेक वेळा खरे असतात.

पहिली फेरी: फोटो कमी, बघणं जास्त

सुरुवात फ्लोरिओ नेचर पार्कनं होते. मोकळी कुरणं, फुलं, नदी. गवतात बूफलाँट चरत असतात, मोठ्या केसांच्या टोपासारखं डोकं असलेले, आपल्या रानगव्याचे दूरचे भाऊ शोभतील असे. नदीच्या बाजूला बिडूफ. एका फेरीत ७२ फोटो काढता येतात, आणि नवा खेळाडू पहिल्या वळणावरच पंधरा-वीस उडवतो.

त्याऐवजी असं करा. पहिल्या फेरीत प्रत्येक नव्या प्राण्याचा एक-दोन बरे फोटो घ्या आणि बाकी वेळ फक्त डोकं फिरवा. डावीकडे, उजवीकडे, वर आणि विशेष करून मागे. गाडी पुढं गेली की मागे सोडलेले प्राणी काय करतात, याकडे कोणाचंच लक्ष नसतं. स्कॅनचं बटण अधूनमधून दाबत राहा. त्याने प्राण्यांची नावं कळतात, जवळपास काही वेगळं असेल तर खूण दिसते, आणि पुढं पुढं फाट्यावरचे आडरस्तेही स्कॅननेच उघडतात. सगळ्यांत जास्त नवखे लोक जे विसरतात ते हे: स्कॅन हे फक्त माहितीचं बटण नाही. काही प्राणी त्या आवाजानं मान वर करतात, वळून बघतात. तोच फोटोचा क्षण.

फेरी पाच-सात मिनिटांचीच असते. चुकलं तर दुसरी लगेच घेता येते, बुकिंग नाही, पहाटे चारला उठणं नाही, पावसाळ्यात कोअर बंद नाही.

तारे आणि रंग, इथे बहुतेक जण अडकतात

हा भाग सावकाश वाचा. गेममधला निम्मा वैताग या एका घोळातून येतो.

प्रत्येक पोकेमॉनसाठी फोटोडेक्समध्ये म्हणजे तुमच्या नोंदवहीत चार जागा असतात: एक तारा, दोन तारे, तीन तारे, चार तारे. नव्या माणसाला वाटतं चार तारे म्हणजे उत्तम फोटो. तसं नाही. तारे फोटोचे नसून प्राण्याच्या वागण्याचे असतात. नुसता उभा, चालणारा, झोपलेला, म्हणजे एक तारा. काहीतरी खातोय, कोणाशी खेळतोय, तर दोन किंवा तीन. क्वचितच घडणारं, बहुतेक तुम्ही काही केल्यावरच घडणारं वागणं असेल तर चार. फोटो धूसर, कडेला गेलेला असला तरी चार ताऱ्यांचं वागणं टिपलं असेल तर तो चार ताऱ्यांचाच.

फोटो किती चांगला, ते वेगळं मोजतात, आणि त्याचे रंग असतात: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड. म्हणजे एकाच प्राण्याचा एका ताऱ्याचा डायमंड फोटो आणि चार ताऱ्यांचा ब्राँझ फोटो, दोन्ही शक्य आहेत आणि दोन्ही वहीत शेजारी बसतात.

रंगासाठी प्रोफेसर सहा गोष्टी बघतात. प्राण्याची पोज. चौकटीत तो किती मोठा दिसतो. त्याचं तोंड कुठे आहे, तुमच्याकडे की पाठमोरा. तो चौकटीत कुठे आहे. सोबत इतर पोकेमॉन आहेत का. आणि पार्श्वभूमी. यातले मोठे गुण पहिल्या चारांत आहेत, म्हणून घाईच्या वेळी एवढंच डोक्यात ठेवा: जवळ घ्या, तोंड आपल्याकडे येऊ द्या, मध्यभागी ठेवा. झूम जरूर करा, पण शेपूट किंवा शिंग चौकटीबाहेर जाऊ देऊ नका.

ज्यांना खरी फोटोग्राफी येते ते इथे हमखास चिडतात. वर्षानुवर्षं शिकलेलं असतं की विषय मध्यभागी ठेवू नका, चौकटीचे तीन भाग करा, प्राणी ज्या दिशेला बघतोय तिकडे जागा सोडा. प्रोफेसर मिरर यांना हे सगळं मान्य नाही. त्यांना पासपोर्ट फोटो हवा. वाद घालू नका, त्यांचा फोटो त्यांना द्या. तुमच्या आवडीच्या फोटोंची सोय गेममध्ये वेगळी केलेली आहे, त्याबद्दल पुढं येतोच.

एका फेरीत एका प्राण्याचा एकच फोटो

दुसरा नियम याहून कडक आहे. फेरीतून परतल्यावर प्रत्येक जातीचा फक्त एक फोटो प्रोफेसरांना दाखवता येतो. एकाच फेरीत ग्रूकी नावाच्या पोकेमॉनचं दोन ताऱ्यांचं आणि तीन ताऱ्यांचं वागणं टिपलंत, तरी एकच निवडायचं.

पहिल्यांदा हे अन्यायाचं वाटतं. पण मला तर हा नियम म्हणजे या गेमचा कणा वाटतो. एकाच फेरीत सगळं गोळा करता आलं असतं तर सगळे जण एकदा फिरून मोकळे झाले असते. आता तसं होत नाही. फेरीला निघताना तुम्हाला आधीच ठरवावं लागतं की आज कोणासाठी चाललो आहे. आज फक्त नदीकाठ. आज फक्त झाडावरचे. आणि असं एका गोष्टीसाठी निघालात की तिच्या आजूबाजूचं इतकं नवीन दिसतं की मूळ कारण विसरायला होतं. उमरेडला फक्त पक्षी बघायला जाणारे काही जण आहेत, त्यांच्या गप्पा ऐकल्यात तर कळेल. वाघाच्या मागे धावणाऱ्यांपेक्षा त्यांच्याकडे सांगायला कितीतरी जास्त असतं.

निवड करताना सरळ हिशोब ठेवा. वहीतली जागा रिकामी असेल तर तिथला फोटो आधी द्या, रंग कसाही असो. रिकाम्या जागा भरल्या की मग रंग सुधारायला लागा. दिलेल्या फोटोंच्या गुणांवरून त्या वाटेची संशोधन पातळी वाढते, आणि पातळी वाढली की त्याच वाटेवर प्राणी वेगळे वागतात. जो कालपर्यंत लाजून पळत होता, तो जवळ येतो. जिथे कोणी नव्हतं तिथे कोणीतरी बसलेलं दिसतं. पुढं जुन्या पातळीवरही परत जाता येतं, त्यामुळे काही कायमचं हुकेल अशी भीती नको.

त्याच जागेची रात्रही असते. दिवसाची वाट तोंडपाठ झाल्यावर रात्रीची फेरी घ्या. तीच कुरणं, पण कोण झोपलंय आणि कोण जागं झालंय याचा पूर्ण उलटापालट. मला दिवसापेक्षा फ्लोरिओची रात्र जास्त आवडते, हे आपलं वैयक्तिक मत.

फळ, सूर आणि चमकता गोळा

थोडं पुढं गेल्यावर हातात तीन साधनं येतात. फ्लफफ्रूट हे सफरचंदासारखं हलकं फळ, हवं तितकं फेकता येतं. एक सूरही वाजवता येतो, तो ऐकून काही जण नाचतात, काही जागे होतात, काही ढिम्म हलत नाहीत. आणि इल्युमिना ऑर्ब, चमकणारा गोळा: तो प्राण्यावर टाकला की प्राणी उजळतो आणि बरेचदा वेगळं वागतो, क्रिस्टाब्लूम नावाच्या फुलांवर टाकला की ती फुलं उजळतात आणि प्राणी त्यांच्याकडे ओढले जातात.

चार ताऱ्यांची वागणूक बहुतेक या तिघांच्या मिश्रणातून निघते, आणि ते मिश्रण स्वतः शोधण्यातच मजा आहे. एक पद्धत सुचवतो. एका फेरीत एकच साधन वापरा. आज फक्त फळं, समोर येईल त्याला. पुढच्या फेरीत फक्त सूर. कोण कशाला दाद देतो ते कळलं की मग दोन साधनं एकत्र. फळ प्राण्याच्या अंगावर न मारता त्याच्या पुढ्यात टाका, म्हणजे तो खाली वाकतो, मग तोंड वर करतो, आणि तेव्हा ते तोंड तुमच्याकडे असतं. फळं टाकत टाकत एका प्राण्याला दुसऱ्याजवळही नेता येतं. दोघं भेटल्यावर काय होतं ते बघा.

माझी भाची शेजारी बसून हेच करत होती. झाडाखाली एक जण गाढ झोपलेला.

“मामा, उठव ना त्याले.”

“झोपू दे की. झोपलेल्याचाही फोटो लागतो.”

“तो काढला आपण. आता उठल्यावर कसा पाहते ते पाहू न.”

तिचं बरोबर होतं. झोपलेल्याचा एक तारा भरला होता. सूर वाजवला, तो उठला, आळस दिला, आणि आळस देतानाचा फोटो वहीत नव्या जागी जाऊन बसला. मुलं या गेममध्ये मोठ्यांपेक्षा लवकर तरबेज होतात, कारण “असं केलं तर काय होईल” हे त्यांना शिकवावं लागत नाही.

मुलं सोबत असतील तर एक गोष्ट मात्र बोलून ठेवा. प्राण्याला खायला टाकणं, गाणं वाजवून उठवणं, वाट अडवून तोंड आपल्याकडे करायला लावणं, हे पडद्यावर ठीक. खऱ्या जंगलात यातलं काहीही चालत नाही. २०२४ च्या शेवटी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली होती. त्याची छायाचित्रं पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. फोटो हवा म्हणून मोठी माणसं काय करतात ते मुलांनी पाहिलेलं आहे. फुटाळ्यावर बगळ्यांना चिवडा टाकणारेही पाहिलेत. तेव्हा खेळतानाच सांगून टाका, इथे फेक, तिथे नाही.

प्रोफेसरांचा अल्बम वेगळा, आपला वेगळा

फेरी संपल्यावर प्रोफेसरांना देण्याचे फोटो निवडून झाले की बाकीचे फेकायची घाई करू नका. तुम्हाला आवडलेले फोटो स्वतःच्या अल्बममध्ये ठेवता येतात, आणि रीस्नॅप नावाची सोय वापरून त्यांची चौकट पुन्हा लावता येते. झूम कमी-जास्त करा, कॅमेरा तिरका करा, मागची बाजू धूसर करा, उजेड बदला. म्हणजे फोटो काढून झाल्यावर त्या क्षणात परत जाता येतं. खऱ्या कॅमेऱ्याला हे कधीच जमणार नाही.

तीन भागांचा नियम इथे वापरा. पाठमोरा प्राणी मावळतीकडे बघतोय, प्रोफेसरांकडे त्याला कवडीची किंमत नाही, तो इथे ठेवा. गुणांच्या मागे लागून थकलात की एक फेरी फक्त या अल्बमसाठी मारायची, वहीकडे बघायचंच नाही. स्टिकर आणि फ्रेम्सही आहेत. पोट्ट्यांना स्टिकर फार आवडतात, मला नाही.

फोटो मोबाईलवर घ्यायला यंत्राच्या स्वतःच्या अल्बममध्ये सोय आहे: स्क्रीनवर क्यूआर कोड येतो, तो मोबाईलनं स्कॅन करायचा. कागदावर हवा असेल तर फुजीफिल्मचा इन्स्टॅक्स मिनी लिंक हा छोटा प्रिंटर स्विचच्या फोटोंसाठी चालतो, त्याचं खास ॲप गेमच्याच दिवशी आलं होतं. ही हौस जुनीच. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॉकबस्टर आणि जपानमधल्या लॉसन दुकानांत लोक गेमचं कार्ट्रिज घेऊन जायचे आणि स्वतः काढलेल्या पोकेमॉनचे स्टिकर छापून आणायचे.

अडकलात की

काही वेळानं लेनटॉक सुरू होतं. गेममधली पात्रं तुम्हाला विनंत्या पाठवतात: अमुक प्राणी अमुक करताना पाहिला, फोटो मिळेल का? या विनंत्या म्हणजे चार ताऱ्यांच्या वागणुकीचे इशारेच असतात. इशारा मुद्दाम अर्धवट असतो, ठिकाण सांगतात पण साधन सांगत नाहीत, किंवा उलटं. इंटरनेटवर सगळ्यांची उत्तरं आहेत. एखाद्या विनंतीवर दोन संध्याकाळी गेल्या तर बघा खुशाल. पण पहिल्याच दिवशी यादी उघडून बसलात तर गेम राहत नाही, हजेरीपट राहतो.

प्रत्येक बेटावर एक इल्युमिना स्पॉट आहे, तिथे एकच मोठा उजळलेला पोकेमॉन असतो. फ्लोरिओचा मेगॅनियम. गेम त्याचा बराच गाजावाजा करतो आणि कथाही त्याभोवतीच फिरते. खरं सांगायचं तर हे भाग गेममधले सर्वांत कमी रंगतदार. एक मोठा प्राणी, एक ठरलेलं काम, संपलं. कथा पुढं सरकायला ते करावे लागतात, तेव्हा करून टाका आणि परत समुद्रतळावर किंवा जंगलात या. कथाही फार लांब नाही, ती संपल्यावर ‘गेम संपला’ समजून कार्ड विकू नका, तोवर बऱ्याच वाटांची पातळी अर्धीही वाढलेली नसते.

बैठक किती लांब? मुलांसाठी निन्टेन्डोचं पालकांचं ॲप मोबाईलवर टाका, त्यात दिवसाची वेळ बांधता येते. मोठ्यांसाठी माझा सल्ला, दोन किंवा तीन फेऱ्या आणि बंद. सलग दहा फेऱ्या मारल्या की डोळे दिसतंय ते बघायचं सोडून देतात.

स्विच नसेल तर

सगळ्यांनी एवढे पैसे घालावेत असं मुळीच नाही. मोबाईलवर पोकेमॉन गो हा गेम असेल तर त्यात २०१९ पासून फोटोची सोय आहे, स्वतःचा पोकेमॉन कॅमेऱ्यात उभा करून अंबाझरीच्या काठावर किंवा घरच्या गच्चीवर फोटो काढता येतो. तो वेगळाच खेळ आहे, वाट नाही, वागणूक नाही, पण चौकट लावायचा सराव होतो आणि फुकट आहे.

आयफोन किंवा कॉम्प्युटर असेल तर ‘अल्बा’ घ्या. २०२० मध्ये आलेला, यूस्टू गेम्सचा. भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर आजी-आजोबांकडे सुट्टीला आलेली मुलगी फोन घेऊन पक्षी आणि प्राणी नोंदवत फिरते, आणि त्यातून तिथलं राखीव जंगल वाचवायची धडपड सुरू होते. इथे गाडी नाही, पायी मोकळं हिंडायचं. खऱ्या पक्ष्यांची नावं आहेत, त्यामुळे लहान मुलांसाठी मी तर हाच आधी सुचवेन. गुणांचा ताण अजिबात नाही. ‘पेन्को पार्क’ कॉम्प्युटरवर मिळतो, पडक्या वन्यजीव उद्यानातून अशाच गाडीत बसून विचित्र प्राण्यांचे फोटो काढायचे. रूळावरची वाटच हवी असेल आणि पोकेमॉनशी देणंघेणं नसेल तर तो जवळचा. ‘टोएम’ काळ्या-पांढऱ्या चित्रांचा, शांत, कोडी सोडवत जायचा. प्राणी त्यात आहेत, पण तो प्राण्यांचा गेम नाही.

ज्यांच्याकडे स्विच ऑनलाइनची एक्स्पान्शन पॅकवाली वर्गणी आहे त्यांना १९९९ चा मूळ गेम जून २०२२ पासून तिथेच खेळायला मिळतो. नवा खेळून झाल्यावर खेळा, आधी नको. त्यात फेरीला ६० फोटो, मोजक्या वाटा, आणि त्यातले गुण देणारे प्रोफेसर ओक मध्यभागाबाबत मिररपेक्षाही हट्टी: प्राणी मधोमध असला की गुण सरळ दुप्पट.